ब्रेक विकत मिळतो, बोट नाही

जालना जिल्ह्यात पर्वत नाही. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे पाय पसरलेले दिसतात, अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे, रोहिलागडाच्या बाजूला डोंगर म्हणता येतील असे उंचवटे आहेत. बाकी सगळा काळ्या मातीचा आणि मुरमाचा मुलूख. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या शहरात ‘माउंटन बाइक’ घेणारे बरेच झाले. त्या गर्दीत मीही आहे. वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मी ६८ हजारांची सायकल हप्त्यांवर घेतली. घरी आकडा थोडा कमी करून सांगितला, हेही कबूल करतो.

ती सायकल घेताना मी जे बोललो ते आज आठवलं की हसू येतं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे हवेचा शॉकअप, मागे दहा गिअर. दुकानदार सांगत होता आणि मी जणू सगळं कळत असल्यासारखा मान हलवत होतो. भाच्याने विचारलं, “मामू, इतकी महाग कशाला?” मी म्हणालो, “जिवाचा प्रश्न आहे बेटा, ब्रेक चांगला पाहिजे.”

त्याच ब्रेकने मला पाडलं.

रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण घाणेवाडी तलावाकडे जायचो. निजामाच्या काळापासून शहराला पाणी पाजणारा हा तलाव. त्याच्या आसपासच्या कच्च्या वाटा आमचं ‘ट्रेल’. एका रविवारी मुरमाच्या एका उतारावर माझ्या पुढे एक दूधवाला होता. काळी, जुनी, सळईच्या ब्रेकची सायकल आणि मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. तो उताराला लागताना थोडा मागे सरकला, वाटेच्या मधला गुळगुळीत दिसणारा भाग सोडून कडेच्या दबलेल्या गवतावरून गेला आणि खाली पोहोचला. मी मधूनच गेलो. तिथे सुटा मुरूम होता. वेग वाढला, मी घाबरलो आणि दोन बोटांनी पुढचा ब्रेक गच्च आवळला. चाक जागच्या जागी थांबलं, सायकल आडवी झाली आणि मी हातावर पडलो. उजवं मनगट मोडलं.

उचलायला तो दूधवालाच परत आला. माझ्याकडे आणि सायकलीकडे पाहून त्याने एकच विचारलं, “सर, फुडचा बिरेक धरला का?”

प्लास्टरच्या सहा आठवड्यांत मी या एका प्रश्नावर जितका विचार केला तितका पूर्वी कोणत्याही पुस्तकावर केला नसेल. सायकल थांबवताना वजन पुढे जातं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो वापरायचा नाही असं अजिबात नाही. पण सुट्या मुरमावर टायरला धरायला जमीनच नसते. तिथे ब्रेक दाबायचा नसतो, हळूहळू पिळायचा असतो. तोही उताराच्या मध्यात घाबरून नाही, वरच वेग कमी करून. माझ्या बोटाला हे माहीत नव्हतं. जुन्या सळईच्या ब्रेकने माझी ही चूक कदाचित पोटात घातली असती, कारण तो इतका पकडतच नाही. हायड्रॉलिक ब्रेकने माझा हुकूम तंतोतंत पाळला. चांगलं उपकरण आज्ञाधारक असतं. आज्ञा चुकीची असली तरी.

म्हणून हा लेख. ‘कौशल्य मोठं की महाग सायकल?’ हा वाद सायकलवाल्यांच्या प्रत्येक गटात होतो. त्यात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, चांगली गाडी असल्याशिवाय मजा नाही. दुसरा म्हणतो, चालवणाऱ्यात दम पाहिजे, गाडी कोणतीही चालेल. मला दोन्ही पक्ष अर्धे वाटतात. आणि दुसऱ्या पक्षाचं अर्धं सत्य पहिल्याहून जास्त नुकसान करू शकतं, असंही वाटतं. तिकडे पुढे येतो.

आधी इतिहास पाहू. हा खेळ महागड्या सायकलींतून जन्मलेला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली गोळा करून डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली घड्याळ लावून शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट आणि जवळपास ४०० मीटरचा उतार. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली पोहोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. त्यावरूनच त्या शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरा.

मग पुढे काय झालं? त्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. टॉम रिची फ्रेमा बनवू लागला, गॅरी फिशर आणि चार्ली केली त्या विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक बाजारात आणली. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. भंगारातल्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. त्या लोकांनी आधी जुन्या सायकली मोडेपर्यंत चालवल्या. काय मोडतं, कुठे मोडतं, काय कमी पडतं हे त्यांच्या अंगाला कळलं आणि मग त्यांनी वस्तू बदलली. ब्रेक तापतो? दुसरा ब्रेक लावा. फ्रेम तुटते? मजबूत नळी वापरा. म्हणजे प्रत्येक सुधारणा हे कौशल्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. आम्ही उलटं करतो. उत्तर आधी विकत घेतो आणि प्रश्न पडतो तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये असतं.

असा क्रम पाहायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या खेड्यांत सायकली नीट पाहा. बऱ्याच सायकलींना पुढचं मडगार्ड नसतं. ते तुटलेलं नसतं, मुद्दाम काढलेलं असतं. काळी माती ओली झाली की टायरला थर चढवते, तो थर मडगार्डमध्ये अडकतो आणि चाक फिरायचं थांबतं. सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवलेल्या माणसाने एक दिवस पाना घेतला आणि मडगार्ड काढून टाकलं. महागड्या माउंटन बाइकमध्ये टायर आणि फ्रेमच्या मध्ये मोकळी जागा ठेवतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. भोकरदनच्या शेतकऱ्याला जे चिखलाने शिकवलं, तेच तिकडे इंजिनिअर नकाशावर काढतो.

वाट वाचण्याचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातलं असई गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. शिंद्यांकडे तोफा कितीतरी जास्त होत्या आणि त्या उत्तम होत्या. समोर नदी होती आणि वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की इथे उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे पाय टेकायला जागा असणार. तिथूनच त्याने फौज पार नेली. परक्या सेनापतीचं कौतुक करायला हे सांगत नाही. जमीन वाचणं म्हणजे काय, ते आपल्याच जिल्ह्यातल्या या प्रसंगात दिसतं म्हणून सांगतो. आणि त्याच लढाईची दुसरी बाजूही विसरू नये. शिंद्यांच्या तोफांनी आणि त्यांच्या गोलंदाजांनी इंग्रजांची इतकी माणसं पाडली की जिंकणाऱ्यालाही तो दिवस आयुष्यभर सलला. साधन काहीच नसतं असं म्हणणाऱ्याने असईच्या त्या तोफांची आठवण ठेवावी.

आता दुसऱ्या पक्षाकडे येतो. ‘दम पाहिजे, गाडी कोणतीही चालेल’ असं म्हणणारे एक उदाहरण हमखास देतात. जून २०१५, ऑस्ट्रियातलं लिओगांग, डाउनहिलचा विश्वचषक. अमेरिकेच्या अॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरी तो ती शर्यत जिंकला. पायडल न मारता! मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल त्याला गणती नाही. वळणावर वेग कसा राखायचा, कुठे ब्रेक लावायचा नाही, उंचवट्यावर अंग कसं दाबायचं आणि हलकं करायचं, हे सगळं त्यात दिसतं. पण खरं सांगायचं तर त्याची फक्त चेन तुटली होती. ब्रेक शाबूत होते, शॉकअप शाबूत होता, टायर जगातले उत्तम होते, आणि वाट खाली उतरणारी होती. तीच चेन चढावर तुटली असती तर जगातलं सगळं कौशल्य घेऊन तो सायकल ढकलत गेला असता.

म्हणजे एक किमान रेषा आहे. त्या रेषेच्या खाली कौशल्याच्या गप्पा मारणं ही क्रूर चेष्टा आहे. हे मला कळलं ते आमच्या रविवारच्या गटात नाही, शाळेच्या रस्त्यावर.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात जालना जिल्हा आहे. त्यातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे. या सायकलीमुळे किती मुलींची शाळा सुटता सुटता वाचली असेल! मंठा, परतूर, घनसावंगीकडे सकाळी गेलात तर या मुली दिसतील. दप्तर पाठीवर, ओढणी कमरेला खोचलेली, खडी उखडलेल्या रस्त्यावर खड्डे चुकवत, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने डबा सांभाळत. आम्ही ज्याला ‘टेक्निकल सेक्शन’ म्हणून रविवारी कौतुकाने पार करतो, तो त्यांचा सोमवार ते शनिवारचा रस्ता आहे. माउंटन बाइकिंग हा शब्दही न ऐकता त्या ते करतात.

मग त्यांच्यातून स्पर्धेला जाणाऱ्या मुली का निघू नयेत? निघू शकतात. महाराष्ट्रातून निघाल्या आहेत. संगमनेरसारख्या गावातून आलेली प्रणिता सोमण माउंटन बायकिंगमध्ये देशाकडून खेळली. २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा आपल्याच देशात, केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या पोनमुडीला झाली. म्हणजे हा खेळ आता फार लांबचा राहिलेला नाही. पण अशा वाटेवर एक गिअर असलेली, पायाला न जुळणारी, ब्रेकचे रबर झिजलेली सायकल घेऊन उभं राहता येत नाही. तिथे गिअर लागतात, मापाची फ्रेम लागते, पकड असलेलं टायर लागतं. त्या मुलीला “कौशल्य असेल तर गाडीने काय फरक पडतो?” असं सांगणारा माणूस बहुधा स्वतः दीड लाखाच्या सायकलवर बसलेला असतो. ज्याच्याकडे आहे त्याने ‘लागत नाही’ म्हणायचं, ही आपल्या देशात फक्त सायकलीपुरती सवय नाही. इंग्रजी शाळा, कोचिंग, लॅपटॉप, सगळीकडे ती आहे.

मग माझं म्हणणं काय? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने आधी कौशल्याकडे पाहावं. ज्याच्याकडे कौशल्य आहे त्याच्यापर्यंत साधन पोहोचवण्याकडे समाजाने पाहावं. आज नेमकं उलटं चाललं आहे. साधन बिनकौशल्याच्या घरी धूळ खात पडलं आहे आणि कौशल्य बिनब्रेकचं शाळेत जातं आहे.

आता ज्या माणसाकडून मी सायकल चालवायला शिकलो त्याच्याबद्दल. प्लास्टर निघाल्यावर वाकडी झालेली सायकल जुन्या जालन्यातल्या एका चाचांकडे नेली. लाकडी फळी, पाण्याचं घमेलं, हातपंप, चार पाने आणि डोक्यावर ताडपत्री. चाक उलटं फिरवून, अंगठ्याचं नख रिमला लावून त्यांनी आऊट काढला. कोणतंही यंत्र नाही. मग टायर दोन बोटांनी दाबलं आणि विचारलं, “हवा कितनी भरी?” मी अभिमानाने म्हणालो, “साठ पौंड.” टायरवर ६५ पर्यंत चालेल असं लिहिलेलं होतं ना! ते हसले. “पत्थर बना दिए टायर कू. पत्थर पे पत्थर फिसलताच है.” त्यांनी हवा निम्म्यावर आणली. त्या दिवसापासून कच्च्या वाटेवर माझी सायकल जमीन धरून चालते. मी सत्तर-बहात्तर किलोचा माणूस. सव्वादोन इंची टायरला मुरमावर ३०-३५ पौंड पुरतात. ही सुधारणा फुकट होती. दुकानात मला शॉकअप कसा लॉक करायचा ते सांगितलं होतं, हवेबद्दल अवाक्षर नाही.

पुढचे काही रविवार मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे फक्त मैदानात फिरलो. उतारावर दोन्ही पायडल समान उंचीवर, कोपर वाकलेले, बूड सीटवरून किंचित उचलून मागे. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. चढ लागायच्या आधी गिअर, चढात नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, नजर. “चाक कू मत देख, जाना जहाँ है वहाँ देख.” खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

हे चाचा ज्या व्यवसायात आहेत त्याचं नाव आजकाल समाजमाध्यमांवर शिवीसारखं वापरलं जातं. ‘पंक्चरवाला’ म्हटलं की कोणाला टोमणा मारला हे न सांगता कळतं. मला त्यात समाजाच्या अपमानाइतकाच दुसरा अपमानही दिसतो, हाताच्या हुनराचा. आमच्या गटातल्या लाखालाखाच्या सायकली शेवटी कुठे ठीक होतात? त्याच ताडपत्रीखाली. हप्ते संपायच्या आत कुरकुरणारं चाक सरळ करणाऱ्या माणसाला आपण तीस रुपये देतो आणि त्याच्या धंद्याचं नाव घेऊन दुसऱ्याला हिणवतो. ज्या समाजात हाताच्या कसबाला किंमत नाही, तो समाज वस्तूच्या किमतीलाच कसब समजू लागतो. महागड्या सायकलीचं वेड आणि ‘पंक्चरवाला’ ही शिवी मला एकाच रोगाची दोन लक्षणं वाटतात.

त्यात आमच्या माणसांचीही चूक आहे. चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. बापाचं काम शिकायची त्याला लाज वाटते. बापाने तरी शिकवायचा हट्ट कुठे धरला? टोमणा मारणाऱ्याला दोष देताना आपणच हे हुनर टाकून देत असू, तर तेही बोललं पाहिजे.

नवी सायकल घेणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. आधी हेल्मेट घ्या. मग आपल्या उंचीला जुळणारी फ्रेम; ती चुकली तर बाकी सगळं चुकलं. मग चांगले टायर आणि चांगले ब्रेक. स्वस्त सायकलीच्या पुढे लावलेल्या जड स्प्रिंगला भुलू नका. ती वजन वाढवते आणि चढावर तुमचीच ताकद खाते, त्यापेक्षा साधा सरळ फोर्क बरा. मग वर्षभर चालवा. वर्षाने तुम्हाला स्वतःला कळेल की काय कमी पडतं. तेव्हा जे घ्याल त्यावरचा रुपया वाया जाणार नाही.

आणि शहरातल्या सायकल गटांनाही एक विनंती. दरवर्षी आपण टी-शर्ट छापतो, पदकं वाटतो. त्याऐवजी एक रविवार एखाद्या गावच्या शाळेत जाऊ. सोबत एक मिस्त्री, ब्रेकचे रबर, ऑइल आणि पाने. मुलींच्या सायकलींचे ब्रेक आवळू, सीट त्यांच्या उंचीवर आणू आणि ते काम त्यांच्याच हातून करून घेऊ. शाळेच्या मागे मुरमाचा एखादा उंचवटा असतोच. फावड्याने त्यावर चार वळणं काढू. शिकवायला मिस्त्रीला गुरुजी म्हणून उभं करू आणि त्याचं मानधन पाकिटात देऊ, हातावर टेकवून नाही.

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या उतारावर गेलो. वर थांबलो, वाट पाहिली, मग मधला मुरूम सोडून कडेच्या गवतावरून उतरलो. खाली पोहोचलो. भाचा मागून येत होता, त्याच्या जुन्या शाळेच्या सायकलवर. त्यालाही हात करून कड दाखवली. पाऊस पडलेला असेल तेव्हा मात्र मी आजही तिथे उतरतो आणि सायकल हातात धरून चालत जातो.